हात-हत्यार : बाबांच्या चाकूला शिसवी मूठ

गेल्या अंकात विळीला घरच्या घरी धार कशी लावायची ते लिहिलं होतं. विळीबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. पत्रं आली ती सगळी खिशातल्या घडीच्या चाकूंची. कुणाला मूठ बदलायची आहे, कुणाला पातं घासून वेगळ्या कामाचं करायचं आहे, एकाला तर चाकू झटक्यात उघडायला हवा आहे. टूलरूममध्ये फिटर म्हणून उभी नोकरी केली, त्या जोरावर आधीच सांगून ठेवतो: मुठीवर हवे ते प्रयोग करा, पात्याला जपून हात लावा आणि स्प्रिंगच्या वाटेला शक्यतो जाऊच नका. लाकडाचा तुकडा चुकला तर दुसरा मिळतो. घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

प्रश्न : काका, माझ्या वडिलांचा लाल स्विस चाकू आहे, बंद असताना साधारण ९ सेंटीमीटरचा. एका बाजूची लाल प्लास्टिकची पट्टी तडकली आहे, दुसरीवरचं ढालीचं चिन्ह पुसलं गेलंय. सासरच्या जुन्या शिसवी खुर्चीचा हात मी जपून ठेवला आहे, त्याच्या पट्ट्या करून बसवाव्यात असं मनात आहे. घरी ड्रिल, कानस आणि उत्साह आहे. बूच काढायचा तो पिळदार स्क्रूही काढून टाकता येईल का? आमच्याकडे कुणी वाइन पीत नाही. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : लाकडाची मूठ म्हणजे त्या चाकूचा अपमान होईल, अशी शंका मनात असेल तर काढून टाका. कार्ल एल्सेनर याने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, तेव्हा त्या सैनिकी चाकूच्या मुठी काळपट ओक लाकडाच्याच होत्या. लाकूड तडकतं म्हणून पुढे फायबर आलं. आजची लाल पट्टी सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकची असते. म्हणजे तुम्ही चाकूला त्याच्या आजोबांकडे परत नेताय, एवढंच.

तुमचा चाकू ९१ मिलिमीटरच्या जातीचा दिसतो, आणि हे तुमचं नशीब. या मापात लाल पट्ट्या रिबिटांनी ठोकलेल्या नसतात. आतल्या पितळी पिनांची डोकी दोन्ही बाजूंना थोडी वर आलेली असतात, आणि पट्टीच्या पोटातल्या खळग्यांत ती कट्टकन बसतात. त्यामुळे पट्टी काढली तरी चाकू सुटा होत नाही. याच कंपनीचे खरबरीत चंदेरी ॲल्युमिनियमच्या मुठीचे चाकू मिळतात. त्यांच्या पट्ट्या मात्र रिबिटांत अडकलेल्या असतात, त्या काढायच्या भानगडीत घरी पडू नये.

आधी पट्टीच्या खाचांतून दातकोरणं आणि चिमटा काढून घ्या. मग चाकू कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, प्लास्टिक जरा नरमतं. एखादी पातळ, बोथट सुरी पट्टी आणि धातूच्या मध्ये टोकाकडून घाला आणि हलकेच पीळ द्या. आवाज होईल, दचकू नका. धड असलेली पट्टी तुटू न देता काढा, कारण तीच तुमचा नमुना. तिची जाडी व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या जबड्याच्या पट्टीने, मोजून लिहून ठेवा. आणि हो, पट्टीचे डाग पुसायला बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका. त्यात ॲसिटोन असतं, त्याने हे प्लास्टिक विरघळून चिकट होतं.

आता लाकूड. खुर्चीच्या हातातून फळकुटं कापताना लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीला समांतर राहिल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर पट्टी पहिल्यांदा हातातून पडली की दोन तुकडे. हवी त्यापेक्षा मिलिमीटरभर जाड कापा आणि मागची बाजू, म्हणजे चाकूला टेकणारी, सपाट करून घ्या. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवायचा आणि त्यावर लाकूड घासायचं. टेबलावर ठेवून घासलेलं कधी सपाट होत नाही. शिसवीची भुकटी बऱ्याच जणांना बाधते, नाक चुरचुरतं, अंगावर पुरळ येतं. तोंडाला मास्क लावा, गच्चीत बसा.

सगळ्यात नाजूक काम पिनांच्या खळग्यांचं. माप घेऊन टिंबं काढाल तर एखादं हमखास अर्धा मिलिमीटर सरकेल. त्यापेक्षा देवघरातलं कुंकू घ्या. थेंबभर तेलात कालवून काडीने प्रत्येक पिनेच्या डोक्यावर टेकवा, लाकूड बरोबर जागेवर धरून एकदाच दाबा आणि सरळ वर उचला. लाकडावर लाल ठिपके उमटतील, नेमके जिथे हवेत तिथे. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर खिळ्याने बारीक खूण करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. खळगा आरपार जाता कामा नये. पिनेचं डोकं किती उंच आहे ते मोजा, त्याहून किंचित जास्त खोलीवर ड्रिलच्या बिटाला चिकटपट्टी गुंडाळा आणि ती चिकटपट्टी लाकडाला टेकली की थांबा. भोक डोक्यापेक्षा थोडं सैल ठेवा. लाकूड प्लास्टिकसारखं लवचिक नसतं, कट्टकन बसवायला जाल तर चिरेल. धरून ठेवायचं काम गोंदाचं.

गोंद म्हणजे अरल्डाइट, दोन ट्यूबांचा, सावकाश सुकणारा. फेविक्विक नको, ते धक्क्याने सुटतं. दोन्ही ट्यूबांमधलं सारखं घ्या, नीट घोटा. धातूची बाजू १२० नंबरच्या पेपरने खरवडून तेलाचा अंश पुसून काढा. त्याआधी चाकूची सगळी पाती बंद करा आणि स्प्रिंगच्या कडेने, पात्यांच्या फटींत शिलाई मशीनचं तेल बोटाने अगदी पुसटसं लावा, म्हणजे गोंद ओघळून आत गेला तरी तिथे धरणार नाही. मात्र पट्टीखालच्या जागेला तेलाचं बोट लागू देऊ नका. गोंद कमीच लावा, कडेपासून दोन मिलिमीटर आत. वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. मधे मधे 'सुकलं का' म्हणून पाहणाऱ्यांच्याच पट्ट्या वाकड्या बसतात.

आकार शेवटी. पाती मास्किंग टेपने झाका, नाहीतर भुकटी सांध्यात जाऊन बसते आणि चाकू कचकच करायला लागतो. लाकूड धातूच्या कडेबरोबर आणा, बाहेर राहू देऊ नका. नाहीतर पात्याच्या नखखाचेत नख शिरणार नाही. मग २२०, ४००, ६०० नंबरचे पेपर, आणि वर उकळलेलं अळशीचं तेल, हार्डवेअरवाले लिनसीड म्हणतात तेच. बोटाने चोळायचं, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुसायची चिंधी मात्र चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दांडीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

उरला बूच काढायचा स्क्रू. तो काढायचा म्हणजे त्याची पिन काढायची, आणि पिन काढायची म्हणजे तिचं फुलवलेलं डोकं कानशीने उडवून पंचने ठोकायची. उघडता कुणालाही येतं. परत बसवताना त्याच जाडीची पितळी सळी, दोन थरांच्या मध्ये कागदाची पातळ पट्टी, आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने टकटक करत डोकं फुलवणं. एक ठोका जास्त पडला की सगळी पाती जाम, कमी पडला की सगळी डुगडुगतात. शिकायचंच असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, एखादा मोडका चाकू घ्या, बोहरी आळीतून पितळी सळी आणा आणि त्याच्यावर हात बसवा. वडिलांच्या चाकूवर नको. त्या पिळाच्या पोटात बसणारा चष्म्याचा इवलासा स्क्रूड्रायव्हर वेगळा विकत मिळतो, तो फिरवून बसवा. वाइन न पिणाऱ्या घरातही चष्म्याचे स्क्रू सुटतातच.

प्रश्न : मुलाने फ्रान्सहून लाकडी मुठीचा ओपिनेल चाकू आणला, आठ नंबरचा. उन्हाळ्यात सुरेख चालला. जुलै लागल्यापासून उघडतच नाही, आणि उघडला तर पात्यावर तपकिरी ठिपके. बदलून घ्यावा का? — एक वाचक, बाणेर

उत्तर : बदलून काय मिळणार? दुसराही पावसात फुगेल. हा चाकू जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये सव्हॉय प्रांतात काढला आणि रचना इतकी साधी आहे की बिघडायला फारसं काही नाही: बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक पिन, आणि १९५५ पासून पातं अडवणारी फिरती कडी. मुठीला बाहेरून व्हार्निश असतं, पण पातं जिथे बसतं ती खाच कोरडीच. पुण्याच्या पावसाळी हवेतली ओल तिथून आत शिरते, लाकूड फुगतं आणि पात्याचं बूड दोन्हीकडून आवळतं.

आत्तापुरता उपाय सव्हॉयच्या डोंगरातल्या लोकांचाच आहे. कडी मोकळ्या खुणेवर फिरवा, मुठीचं मागचं टोक फरशीवर नाहीतर ओट्याच्या कडेवर ठकठक आपटा; पातं आपसूक थोडं बाहेर येतं, मग बोटांनी धरा. पक्कड लावून ओढू नका.

कायमचा बंदोबस्त मात्र आत्ता करू नका, पुढच्या एप्रिल-मेमध्ये करा. लोक हे काम भर जुलैत करतात, फुगलेलं लाकूड घासतात आणि डिसेंबरात लाकूड आक्रसलं की पातं डुलायला लागतं. मे महिन्यात मूठ ठणठणीत कोरडी असताना पातं उघडं ठेवा, खाचेत आणि पिनेच्या दोन्ही बाजूंना अळशीचं तेल काडीने सोडा, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्या, उरलेलं पुसा, आठवडाभर तसंच उघडं ठेवा. तरीही पुढच्या पावसात जड वाटलं तर मुदत संपलेल्या एटीएम कार्डावर ४०० नंबरचा पेपर गुंडाळून खाचेच्या भिंतींवर दोन-चार हात मारा. जास्त नाही.

ठिपके म्हणजे गंज. तुमचं पातं कार्बन पोलादाचं आहे, ते गंजणारच, पण धारही छान घेतं. बारीक पेपरने गंज काढा, पातं साबणाने धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पंधरा-वीस मिनिटं बुडवा. लाकडाला व्हिनेगर लागू देऊ नका. राखाडी-काळपट थर चढेल. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. हा थर गंजाला बराच आवर घालतो, पूर्ण थांबवत नाही. व्हिनेगर नको असेल तर दोन दिवस कैऱ्या आणि कांदे चिरा, तेच होतं, आणि लोणचंही होतं. मग चकचकीत पात्याचा मोह सोडावा लागेल.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे. माझा साधा घडीचा चाकू खूप कडक आहे. स्प्रिंग थोडी घासली तर एका हाताने झटकन उघडेल ना? आणि बटण दाबून उघडणारा करता येईल का? — हडपसर

उत्तर : बटणाचं उत्तर नाही, आणि या सदरात ते मिळणारही नाही. स्प्रिंगचं सांगतो, कारण ते तुझ्या बोटांचं आहे. अशा चाकूला लॉक नसतं. पात्याच्या बुडाला सपाट कडा असतात आणि पाठीची स्प्रिंग त्या कडांवर दाब देऊन पातं उघडं धरते. तू दाब कमी केलास की उघडताना मजा येईल, आणि फांदी कापताना टोक अडकलं की पातं तुझ्याच बोटांवर मिटेल.

कडक आहे तो घाणीने असणार. खिशातला कापूस, रुपयाच्या नाण्यांची भुकटी, आणि घरात हाताला लागलं ते तेल. खोबरेल घातलं आहेस का? घातलं असशील. ते २४ अंशांच्या खाली गोठतं. पुण्यातल्या थंडीत सकाळी चाकूच्या सांध्यात त्याचा बर्फी-तुकडा झालेला असतो. शेंगदाण्याचं तेल तर चिकट राळेसारखं होतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. पाण्याखालीच वीस-पंचवीस वेळा उघड-मीट कर, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत. केस वाळवायच्या मशीनने आतून कोरडा कर, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. बहुतेक चाकू एवढ्यावर सुधारतात. नख दुखत असेल तर दुसऱ्या हाताने उघड. दोन हात त्यासाठीच आहेत.

प्रश्न : मी गच्चीवर गुलाब लावते. एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात डोळे भरण्याचं, म्हणजे एका गुलाबाचा डोळा सालीसकट काढून दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बसवण्याचं, प्रात्यक्षिक पाहिलं. तो खास चाकू घ्यायच्याऐवजी घरातल्या जुन्या घडीच्या चाकूचा करता येईल का? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : येईल, आणि मला या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच. साध्या चाकूची धार दोन्हीकडून उतरती असते. डोळा काढायच्या चाकूची एकाच बाजूने, दुसरी बाजू बुडापासून धारेपर्यंत सपाट. सपाट बाजू जी ठेवायची आहे त्या सालीकडे राहते, म्हणून काप लाटेसारखा न होता सरळ येतो आणि डोळा खुंटाला चिकटून बसतो. तुम्ही उजव्या हाताने काम करता की डाव्या, त्यावर सपाट बाजू कोणती ते ठरतं. म्हणून घासण्याआधी चाकू हातात धरून काडीवर काप घ्यायचा नुसता अभिनय करा आणि राहणाऱ्या सालीकडे कोणती बाजू येते तिच्यावर मार्करने खूण करा. डावखुऱ्या माणसाने उजव्याचं पाहून घासलं तर सगळी मेहनत वाया.

सपाट करायच्या बाजूचा जुना उतार पूर्ण जाईपर्यंत ती दगडावर आडवी ठेवून घासा. वेळ लागेल. ग्राइंडरवर नेऊन पाच मिनिटांत करून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नाही म्हणा. पातळ पातं क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. साध्या कार्बन पोलादावर २२० अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या सुमाराला निळा. निळी झालेली धार दोन फांद्यांत बोथट होते. हाताने, पाणी घालत, आणि पातं बोटाला कोमट लागलं तरी थांबायचं. मग दुसऱ्या बाजूला एकच लांब उतार द्या, साधारण वीस अंशांचा, आणि शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर ओढून धारेवरची भर, म्हणजे घासताना कडेला वळलेली पोलादाची बारीक कोर, काढा. वर्तमानपत्राचा कागद अधांतरी धरून कापला गेला पाहिजे, न फाटता.

साल उचलायला धातू वापरू नका. जुन्या टूथब्रशची मूठ तासून तिला जिभेसारखं पातळ गोल टोक द्या, पुरेसं आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसत जा. आणि हा चाकू यापुढे स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. एकतर्फी धारेने टोमॅटो तिरका कापला जातो आणि मग घरातले तुम्हाला बोलतात.

प्रश्न : सुटीत गडावर जाताना असा तीन इंची घडीचा चाकू खिशात ठेवला तर पोलीस पकडतील का? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची त्यातून वगळली आहेत. तुमचा तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण शहरात सणावाराला, निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश निघतात, त्या काळात सुरे-काठ्या घेऊन फिरायला बंदी असते. तेव्हा पेपरातली सूचना वाचा आणि चाकू घरी ठेवा. विमानाच्या केबिन बॅगेत कोणत्याच मापाचा नेऊ नका, सामानात द्या. एरवी सिंहगडावर काकडी चिरायला न्यायचा असेल तर सॅकमध्ये डब्याशेजारी ठेवा. कमरपट्ट्याला लटकवून एसटीत चढलात, तर कंडक्टरने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्यायची.